परिमंडळ आणि जिल्हा : बीडच्या संदर्भात भ्रमणध्वनी-स्पर्धेचा विचार

भारतातील भ्रमणध्वनी-सेवेचा इतिहास सामान्यतः दोन दृष्टींनी लिहिला जातो. पहिली दृष्टी राजधानीची होय. तीत धोरणे, परवाने, लिलाव आणि न्यायनिर्णय यांना प्राधान्य मिळते. दुसरी कंपन्यांची होय. तीत भांडवल, विलीनीकरणे आणि ग्राहकसंख्या यांचा हिशेब असतो. या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत यात शंका नाही. परंतु दोहोंतही जिल्हा कोठे दिसत नाही. वस्तुतः ज्या स्पर्धेला राष्ट्रीय म्हटले जाते ती ज्या प्रदेश-विभागात खेळली गेली तो विभाग राष्ट्र नव्हता आणि जिल्हाही नव्हता. तो होता दूरसंचार परिमंडळ. या परिमंडळाच्या सीमेने बीडसारख्या जिल्ह्याच्या वाट्यास काय आले आणि काय आले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम जिल्ह्याची परिस्थिती ध्यानात घेणे इष्ट होईल. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. तीपैकी सुमारे चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहणारे होते. उत्तरेकडील गेवराई व माजलगाव हे तालुके गोदावरीकाठचे, सखल आणि काळ्या मातीचे आहेत; पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई या भागांतून बालाघाटाच्या रांगा गेल्या आहेत आणि तेथे वाड्या, वस्त्या व तांडे विखुरलेले आहेत. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. परळी हे रेल्वेचे जुने जंक्शन असले तरी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण जे बीड शहर, तेथे रेल्वे पोहोचण्यास २०२५ साल उजाडावे लागले. म्हणजे या शहरात भ्रमणध्वनी आधी आला आणि आगगाडी नंतर आली.

जिल्ह्याचे दुसरे वैशिष्ट्य अधिक महत्त्वाचे आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील फार मोठा कष्टकरी वर्ग ऊसतोडणीसाठी गाव सोडतो. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ या हिशेबाने टोळीत सामील व्हावयाचे, आणि गाळप-हंगाम संपेपर्यंत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर अथवा कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट या जिल्ह्यांच्या फडांवर राहावयाचे, असा हा वार्षिक क्रम आहे. गावी वृद्ध माणसे आणि बहुधा शाळेत जाणारी मुले मागे राहतात. अर्धे वर्ष अर्धे घर एका ठिकाणी आणि उरलेले अर्धे दुसऱ्या ठिकाणी, अशी ज्यांची स्थिती, त्यांच्या दृष्टीने दूरध्वनी ही चैनीची वस्तू ठरत नाही. म्हातारी आजारी पडली, मुलाला ताप आला, टोळीची गाडी उलटली, तर ती वार्ता दुसऱ्या टोकास केव्हा पोहोचते यावर पुष्कळ काही अवलंबून असते. भ्रमणध्वनी-स्पर्धेचे मूल्यमापन बीडच्या बाजूने करावयाचे तर ते या कसोटीवर करणे न्याय्य होईल.

आता परवान्यांकडे वळू. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता; खाजगी कंपनीने तो वापरावयाचा तर सरकारच्या परवान्यानेच. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी भांडवलास वाट मोकळी केली. प्रथम मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांसाठी परवाने दिले गेले, आणि ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून देशातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले. उर्वरित देशाची विभागणी परिमंडळांत करण्यात आली आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्यांचे परवाने दिले गेले. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक परिमंडळ झाले. प्रत्येक परिमंडळात दोनच कंपन्या असाव्यात असे त्या वेळचे धोरण होते. तदनुसार महाराष्ट्रात बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या दोन कंपन्या आल्या. पहिलीकडे महाराष्ट्राबरोबर गुजरात होता, दुसरीकडे तामिळनाडू व केरळ होते. यावरून हे स्पष्ट होईल की आरंभी कोणतीही कंपनी खऱ्या अर्थाने राष्ट्रीय नव्हती. प्रत्येक कंपनी काही परिमंडळांची वतनदार होती.

या वतनाबरोबर कर्तव्य किती आले होते? २००१ मध्ये चौथ्या कंपनीसाठी दिलेल्या आणि २००३ नंतरच्या एकीकृत परवान्यांतील अट या बाबतीत फार बोलकी आहे. पहिल्या वर्षी परिमंडळातील दहा टक्के जिल्हा-मुख्यालये आणि तीन वर्षांत पन्नास टक्के जिल्हा-मुख्यालये सेवेखाली आणावयाची. मुख्यालयाऐवजी त्या जिल्ह्यातील दुसरे एखादे शहर घेतले तरी चालेल. ग्रामीण भागाची सक्ती नाही. आणि पन्नास टक्क्यांच्या पुढे जावयाचे की नाही हे कंपनीने आपला व्यापारी विचार करून ठरवावे, असा तिचा आशय होता. ही अट महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून पाहिली असता तिचा खरा अर्थ कळतो. २००१ मध्ये मुंबईचे दोन जिल्हे सोडता महाराष्ट्राचे ३३ आणि गोव्याचे २ मिळून ३५ जिल्हे होतात. त्यांचे निम्मे म्हणजे १८. मराठवाड्याचे आठही जिल्हे वगळले तरी २७ जिल्हे शिल्लक उरतात. म्हणजेच मराठवाड्यात एकही मनोरा न उभारता परवान्याची अट पूर्णत्वाने पाळणे शक्य होते. कंपन्यांनी तसे केले असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु त्यांनी केलेले कार्य परवान्यामुळे झाले असेही म्हणता येणार नाही. पुढे लिलावांच्या अटींत गटस्तरीय ठिकाणांचा उल्लेख येऊ लागला, पण तोपर्यंत ग्रामीण महाराष्ट्राचे चित्र बहुतांशी ठरून गेले होते.

प्रारंभीच्या काळात दर इतके चढे होते की खेडुतांचा प्रश्नच उद्भवत नसे. संभाषणास मिनिटाला सुमारे १६ रुपये पडत आणि येणाऱ्या संभाषणाचाही आकार घेणाऱ्यास द्यावा लागे. कंपन्यांनी लिलावात मान्य केलेले परवाना-शुल्क त्यांच्या उत्पन्नास झेपणारे नव्हते. म्हणून १९९९ च्या धोरणाने ठोक शुल्काऐवजी उत्पन्नातील हिस्सा देण्याची पद्धत आणली. तत्पूर्वी १९९७ मध्ये नियामक प्राधिकरणाची स्थापना झाली होती. तथापि मार्च २००२ अखेर सबंध देशात भ्रमणध्वनीचे ग्राहक सुमारे ६५ लाखच होते. या काळात बीडच्या गावकऱ्याचा दूरध्वनी म्हणजे एसटी स्थानकाजवळचे किंवा बाजारपेठेतील एसटीडी केंद्रच होय. तेथून कारखान्यावर निरोप ठेवता येई, पण फडातील माणसाशी बोलता येत नसे. निरोप हा निरोपच राही.

बदल घडला तो २००२ व २००३ या दोन वर्षांत, आणि तो अनेक कारणांच्या संगमाने घडला. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएल ही सरकारी कंपनी भ्रमणध्वनी-सेवेत उतरली. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत तिची दूरध्वनी-केंद्रे आधीच होती. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने आपल्या सेवेची घोषणा केली आणि २००३ मध्ये ५०१ रुपयांत दूरध्वनी देण्याची योजना काढली. चौथ्या परवान्याने एअरटेल महाराष्ट्रात आली. १ मे २००३ पासून बोलावणाऱ्यानेच आकार द्यावा, घेणाऱ्याने नव्हे, हा नियम लागू झाला. ग्रामीण गरिबाच्या दृष्टीने या सर्वांत हा शेवटचा नियम अधिक परिणामकारक ठरला. ज्याच्याजवळ बोलण्यापुरते पैसे नाहीत त्यालाही आता निदान हाक ऐकता येऊ लागली. आणि एकदा घंटी वाजवून बंद करण्याच्या युक्तीने, म्हणजे लोक ज्याला ‘मिस कॉल’ म्हणतात त्याने, एक पैसाही न देता निरोप पाठविता येऊ लागला. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील भ्रमणध्वनींची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. २००५ अखेरीस ‘आजीवन’ योजना निघाल्या. ९९९ रुपये एकदा भरले की येणारे संभाषण परवान्याच्या मुदतीपर्यंत चालू राही.

परिमंडळाच्या सीमेचा प्रश्न येथेच पुढे येतो. बीडची टोळी सांगली वा कोल्हापूरच्या फडावर गेली तर ती दोन-तीनशे किलोमीटर दूर जाई, पण परिमंडळाच्या आतच राही. गावाहून आलेले संभाषण तिला विनामूल्य मिळे. तीच टोळी कृष्णेच्या पलीकडे बेळगाव वा बागलकोट जिल्ह्यात गेली की परमंडळात गेली. तेथे येणाऱ्या संभाषणाचाही आकार पडू लागे. एकाच गावचे, एकाच मुकादमाकडून उचल घेतलेले दोन कोयते कोणत्या कारखान्याच्या वाट्यास आले यावर त्यांच्या बोलण्याची किंमत ठरत असे. २००५ मध्ये मुंबई व उर्वरित महाराष्ट्र यांमधील संभाषण स्थानिक मानण्याची वाट खुली झाली. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया दराची योजना लागू केली. परंतु परमंडळात असताना येणाऱ्या संभाषणाचा आकार सहजी सुटला नाही. नियामकाने २००७ मध्ये त्याची कमाल मर्यादा मिनिटाला १ रुपया ७५ पैसे ठरविली, २००३ मधील सुधारणेचा लाभ या लोकांना मिळू नये इतकी ती जड होती. २०१३ मध्ये ती ७५ पैशांवर आणि २०१५ मध्ये ४५ पैशांवर आणली गेली. हा आकार प्रत्यक्षात नाहीसा झाला तो २०१६-१७ च्या दरयुद्धात. राज्याची सीमा शेतमजुरास रोखीत नव्हती. परवान्याची सीमा मात्र त्याच्या खिशातून तेरा वर्षे वसुली करीत राहिली.

महाराष्ट्राच्या परिमंडळात दीर्घकाळ आघाडीवर राहिलेल्या कंपनीचे उदाहरण घेतल्यास परिमंडळ आणि राष्ट्र यांमधील ताण अधिक स्पष्ट होतो. बिर्ला एटी अँड टी या कंपनीत पुढे आंध्र प्रदेशातील टाटांची कंपनी मिळाली आणि २००२ मध्ये तिने ‘आयडिया’ हे नाव धारण केले. २००४ मध्ये एस्कोटेल घेऊन तिने केरळ, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश मिळविले. २००८ मध्ये स्पाइस घेऊन पंजाब व कर्नाटक मिळविले. त्याच वर्षी ती मुंबईत उतरली. बीपीएलची महाराष्ट्र, तामिळनाडू व केरळ ही परिमंडळे २००६ मध्ये हचिसन-एस्सारकडे गेली आणि २००७ मध्ये तीच कंपनी व्होडाफोनची झाली. अशा रीतीने महाराष्ट्राच्या दोन मूळ वतनदारांपैकी एक स्वतः राष्ट्रीय झाला, तर दुसरा एका राष्ट्रीय कंपनीत विलीन झाला.

आयडियाच्या महाराष्ट्रातील बळाचे एक कारण भौतिक स्वरूपाचे होते. पहिल्या परवानाधारकांस ९०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ-लहरींचा पट्टा, मिळाला होता. चौथ्या कंपनीस १८०० मेगाहर्ट्झचा मिळाला. कमी कंप्रतेच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून अधिक सहज शिरतात. त्यामुळे विरळ वस्तीच्या प्रदेशात कमी मनोऱ्यांत काम भागते. शहरात, जेथे गर्दीसाठीच मनोरे वाढवावे लागतात, तेथे हा फरक फारसा जाणवत नाही. बालाघाटावर तो निर्णायक ठरू शकतो. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन व आयडिया यांनी मिळून इंडस टॉवर्स ही मनोऱ्यांची संयुक्त कंपनी काढली, त्यामुळे एकाच मनोऱ्यावर प्रतिस्पर्ध्यांची उपकरणे बसू लागली आणि खर्च विभागला गेला. ग्रामीण भागातील दीर्घ भारनियमनाच्या त्या वर्षांत मनोरा डिझेलवर चालवावा लागे, हे लक्षात घेता ही विभागणी किती मोलाची होती ते कळून येईल.

सरकारनेही काही केले नाही असे नव्हे. कंपन्यांच्या उत्पन्नातील हिश्शातून सार्वत्रिक सेवा निधी २००२ मध्ये निर्माण झाला, आणि २००७ मध्ये त्यातून देशातील ५०० जिल्ह्यांत ७,३५३ सामायिक मनोऱ्यांची योजना हाती घेण्यात आली. परंतु या योजनेत २,००० वा अधिक लोकसंख्येची सेवाविरहित गावे किंवा गावसमूह विचारात घेतले होते. डोंगरावरचा तांडा किंवा पाच-पन्नास उंबऱ्यांची वाडी या मापात स्वतःच्या बळावर बसत नसे. निधीचे मापही परवान्याच्या मापाप्रमाणेच वरून खाली पाहणारे होते. मार्च २०१२ अखेर देशातील शहरी दूरध्वनी-घनता १६९ टक्के आणि ग्रामीण ३९ टक्के होती. हे अंतर बाजाराच्या स्वभावाचे निदर्शक मानता येईल.

तथापि २०१० च्या आसपासचा काळ हा ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत अनुकूल होता असे म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्राच्या परिमंडळात त्या सुमारास आयडिया, व्होडाफोन, एअरटेल, बीएसएनएल, रिलायन्स, टाटा, एअरसेल आणि युनिनॉर अशा किमान आठ कंपन्या होत्या. २००९ मध्ये टाटांनी सेकंदावर आकारणी आणली. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. दहा रुपयांचे रिचार्ज गावच्या किराणा दुकानात मिळू लागले. परंतु या गर्दीचा पाया भक्कम नव्हता. जानेवारी २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. युनिनॉरने त्यानंतरच्या लिलावात महाराष्ट्र पुन्हा मिळविला खरा. पण यापुढे स्पेक्ट्रमची किंमत लिलावच ठरविणार हे निश्चित झाले.

या किमतीचा भार जुन्या वतनदारांवर २०१५ मध्ये पडला. डिसेंबर १९९५ चे परवाने वीस वर्षांचे होते. त्यांची मुदत संपत आली तेव्हा ज्या ९०० मेगाहर्ट्झवर ग्रामीण जाळे उभे होते तोच पट्टा मार्च २०१५ च्या लिलावात पुन्हा विकत घेणे प्राप्त होते. आयडियाने त्या लिलावात सुमारे ३०,००० कोटी रुपयांची बोली केली. या रकमेचा फार मोठा भाग नवा प्रदेश मिळविण्यासाठी नसून आहे तो राखण्यासाठी होता. पुढील वर्षी, ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत ती विनामूल्य ठेवली. अन्य कंपनीच्या जाळ्यावर बोलणे पोहोचविण्याचे शुल्क ऑक्टोबर २०१७ मध्ये १४ पैशांवरून ६ पैशांवर आले. एका बाजूस कर्ज आणि दुसऱ्या बाजूस उतरते दर, या दोहोंच्या कात्रीत बहुतेक कंपन्या सापडल्या. रिलायन्स कम्युनिकेशन्सची संभाषण-सेवा २०१७ अखेर बंद पडली, जानेवारी २०१८ मध्ये एअरसेल महाराष्ट्रातून गेली, युनिनॉरची वारस टेलिनॉर आणि नंतर टाटांची सेवा एअरटेलमध्ये मिळाली. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. म्हणजे १९९५ चे महाराष्ट्राचे दोन्ही परवाने, ज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करावी म्हणून ते दिले गेले होते, एकाच हाती आले. उत्पन्नाच्या व्याख्येवरील २४ ऑक्टोबर २०१९ च्या न्यायनिर्णयाने या कंपनीवर थकबाकीचा मोठा बोजा आला. विलीनीकरणाच्या वेळी ४० कोटींहून अधिक असलेले तिचे ग्राहक २०२४ अखेर सुमारे निम्म्यावर आले, आणि थकबाकीचे भागभांडवलात रूपांतर होऊन २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा जवळजवळ ४९ टक्के झाला. ज्या सेवेतील सरकारी मक्ता मोडण्यासाठी परवाने निघाले, त्याच परवान्यांपैकी दोहोंचा सर्वांत मोठा भागधारक अखेर सरकारच ठरले.

या आकुंचनाचा परिणाम बीडसारख्या जिल्ह्यावर कोणत्या मार्गाने होतो? जाळे नाहीसे झाले असे नव्हे. उलट आंतरजालाचा वेग वाढला आणि तो स्वस्तही झाला. परंतु नोव्हेंबर २०१८ च्या सुमारास एअरटेल व व्होडाफोन-आयडिया यांनी २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची अट घातली. तो न केल्यास येणारे संभाषणही बंद होऊ लागले. २००३ च्या नियमाने गरिबास जे दिले होते, म्हणजे पैसे नसताना हाक ऐकण्याचा अधिकार, ते अशा रीतीने परत गेले. त्यानंतर २०१९, २०२१ व २०२४ या तीन वर्षांत दर वाढले. ज्याला केवळ बोलावयाचे आहे त्यालाही आंतरजालासह एकत्रित योजना घेणे भाग पडू लागले, तेव्हा नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ संभाषण व लघुसंदेश यांच्यासाठी स्वतंत्र योजना देण्याचा आदेश काढला. गावी एकट्या राहिलेल्या वृद्धाच्या साध्या दूरध्वनीशी या आदेशाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सक्ती नसतानाही स्पर्धेनेच खेड्यापर्यंत सेवा नेली. मग परवान्याच्या अटींना इतके महत्त्व कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. २००३ ते २०१६ या कालखंडात जे घडले ते कोणत्याही अटीने घडले नसते. परंतु त्यातूनच त्याची मर्यादाही निष्पन्न होते. स्पर्धेने जे दिले ते स्पर्धक पुष्कळ असेपर्यंत टिकले. ते हक्क म्हणून कोठे लिहिले गेले नव्हते, म्हणून स्पर्धक कमी होताच ते काढून घेताना कोणाची अनुमती घ्यावी लागली नाही.

एकंदरीत पाहता, भ्रमणध्वनीच्या इतिहासात बीड जिल्हा हा कधीही हिशेबाचा घटक नव्हता. परवान्याने त्याला परिमंडळात बुडविले, लिलावाने परिमंडळाला राष्ट्रीय किमतीत बुडविले, आणि निधीने लोकसंख्येच्या मापाने त्याच्या वाड्या वगळल्या. तरीही त्याच्या लोकांनी या जाळ्याचा उपयोग असा केला की जो कोणत्याही परवान्यात कल्पिलेला नव्हता : सहा महिने दुभंगलेले घर त्यांनी त्याच्या आधारे बांधून ठेवले. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी जिल्हा-विवरणे आणि कारखान्यांची दप्तरे यांच्या जोडीला परिमंडळांचे नकाशे व दरपत्रकेही साधन म्हणून हाती घेतली, तर स्थलांतराच्या इतिहासातील एक मोठा रिकामा भाग भरून निघेल. कोयत्याला मिळालेली उचल किती, याची नोंद मुकादमाच्या वहीत सापडते. त्या कोयत्याच्या घरी बोलण्याची किंमत किती होती, ती नोंद दरपत्रकांत पडून आहे.